सौर प्रकल्प जोडलेल्या वाहिनीवरील दोष-ओळख

प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की वीजवाहिनीवरील दोष (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) ओळखता येतो, असे म्हटले जाते; ते समकालिक जनित्रांपुरते (पारंपरिक वीजकेंद्रांतील फिरत्या यंत्रांपुरते) बरोबर आहे. सौर प्रकल्पाच्या टोकाला ते टिकत नाही. जनित्र दोषाच्या क्षणी निर्धारित प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह सहज पुरवते, तर इन्व्हर्टर (सौर पॅनेलची एकदिश वीज प्रत्यावर्ती करणारे उपकरण) आपले अर्धवाहक घटक जळू नयेत म्हणून तो साधारण १.१ ते १.५ पटींवरच रोखून धरतो. शिवाय अनेक इन्व्हर्टर ऋण-क्रम प्रवाह (तीन फेजांतील असमतोल दाखवणारा प्रवाहाचा घटक) जवळजवळ दाबून टाकतात, त्यामुळे त्यावर विसंबणाऱ्या दिशादर्शक रिलेला (दोषाची दिशा ओळखणाऱ्या संरक्षक उपकरणाला) दोष पुढे आहे की मागे, हेच कळेनासे होते. (असंतुलित दोषात हा प्रवाह पुरवण्याची अट आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या २८००-२०२२ या मानकात आहे, जुन्या प्रकल्पांचे काय, हा प्रश्न उरतोच.) म्हणून माझ्या मते दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारे डिफरन्शियल संरक्षणच येथे अधिक भरवशाचे आहे, मात्र त्यासाठी संदेशवहनाचा दुवा अखंड असावा लागतो. दोषाचे नेमके स्थान काढायचे असल्यास प्रगामी तरंगांची (दोषातून निघालेल्या लहरी दोन्ही टोकांना कधी पोहोचतात ते मोजण्याची) पद्धत उपयोगी पडते, कारण दोन टोकांच्या घड्याळांत एक मायक्रोसेकंदाचा फरक पडला तरी अंतरातील चूक सुमारे १५० मीटरच होते.