‘ट्विन’ मराठीत आणायचा, पण भाऊ की बहीण ते न सांगता

आडपडदा
एका इंग्रजी रहस्यकथेचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच प्रकरणात अडले आहे. निवेदक म्हणतो, ‘आय हॅव अ ट्विन.’ तो ट्विन भाऊ आहे की बहीण, हे लेखिका अर्धं पुस्तक संपेपर्यंत कळू देत नाही आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. इंग्रजीत दोघांतल्या एकट्यालाही ट्विन म्हणता येतं. आपल्याकडे ‘जुळी’ म्हणजे दोघं मिळून. एकाबद्दल बोलायचं तर ‘जुळा भाऊ’ किंवा ‘जुळी बहीण’ म्हणावंच लागतं आणि गुपित तिथेच फुटतं. काही सुचतं का?

खडूफळा
‘जुळं भावंड’. भावंड नपुंसकलिंगी आहे, त्यात भाऊही आला आणि बहीणही. ‘मला एक जुळं भावंड आहे.’ मराठीत तिसरं लिंग शिल्लक आहे हे भाग्य समजा, हिंदीत अनुवाद करणाऱ्याला ही सोय नाही.

अनवट
व्याकरण बरोबर, पण कानाला खटकतं. ‘आम्ही चार भावंडं’ असं अनेकवचनात सर्रास म्हणतो. मोठ्या माणसाबद्दल ‘माझं भावंड काल आलं, रागावलं आणि निघून गेलं’ असं कोण म्हणतं? वाचक एकतर तान्हं मूल समजेल, नाहीतर काहीतरी लपवलं जातंय हे दुसऱ्याच पानावर ओळखेल. त्यापेक्षा विभक्तीचा आधार घ्या. ‘मी जुळ्यांपैकी एक.’ ‘जुळ्यां-’ या सामान्यरूपात लिंग दिसतच नाही. पुढेही शक्य तिथे ‘ने’ची वाक्यं करा, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे चालेल आणि कर्त्याचं लिंग झाकलेलं राहील.

पानोपानी
‘जुळ्यांपैकी’ फार आवडलं. ट्विनच्या पोटात ‘टू’ आहे. बिट्वीन, ट्वाइन म्हणजे दोन पदर वळलेली दोरी, ट्वायलाइट, सगळी त्याच घरातली. मग आपलं ‘जुळे’ कुठून आलं? मला ते ‘जुळणे’वरूनच आलेलं वाटतं. माझी आजी मात्र जुळ्यांना कायम ‘जावळी’ म्हणायची.

खडूफळा
जावळे हे संस्कृत ‘यमल’वरून. ‘जुळे’ माझ्या मते ‘युगल’चं रूप आहे, ‘जुळणे’शी त्याचा संबंध कानाने जोडलेला आहे.

पानोपानी
‘युगल’मधला ग गेला आणि ल चा ळ झाला, इथपर्यंत पटतं. पण मग ‘जुळवाजुळव’, ‘जुळारी’ हे शब्दही युगलचेच म्हणायचे का? मला नाही पटत.

दोन ओळी
इंग्रजीत खरी मजा पेअर आणि कपल यांच्यात आहे. पेअर लॅटिन ‘पार’वरून, म्हणजे बरोबरीचा. पीअर, कम्पेअर, गोल्फमधला पार हे सगळे त्याचेच सोयरे. कपल ‘कोप्युला’वरून, म्हणजे बंध. एका शब्दात दोघं समान आहेत, दुसऱ्यात दोघं बांधलेले आहेत, सारखे असोत वा नसोत. आपण ‘जोडी’ आणि ‘जोडपं’ यांत जवळपास हाच फरक करतो: मोज्यांची जोडी असते, नवराबायकोचं जोडपं.

आणि अंपायर! जुन्या फ्रेंचमधला ‘नोंपेर’, म्हणजे जोडीत न बसणारा, वरचा, तिसरा. इंग्रजांनी ‘अ नंपायर’ हे ‘अन अंपायर’ असं तोडलं आणि न गळून पडला. दोन बाजूंमध्ये जो कोणाच्याच जोडीचा नाही तो पंच, इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही.

जाता जाता, ‘अ पेअर ऑफ सीझर्स’चं ‘कात्र्यांची जोडी’ करणं कृपा करून थांबवा. मराठीत कात्री एकच असते, चष्माही एकच.

अनवट
‘जोडपं’ माणसांपुरतंच नाही, पक्ष्यांचंही जोडपं म्हणतात. बाकी अंपायरबद्दल आभार.

आडपडदा
‘जुळ्यांपैकी एक’ घेतलंच आहे. पण पुढे शेजारीण म्हणते, ‘यू टू आर डेड रिंगर्स’, म्हणजे तुम्ही दोघं अगदी एकमेकांसारखे दिसता. इथे काय करू? आणि तेव्हाही भाऊ-बहीण कळता कामा नये.

पानोपानी
डेड रिंगरचा प्रेतपेटीला बांधलेल्या घंटेशी संबंध सांगतात, तो खोटा आहे. शर्यतीत नाव बदलून दुसराच घोडा उतरवायचा, त्याला अमेरिकेत ‘रिंगर’ म्हणत. ‘डेड’ म्हणजे अगदी, तंतोतंत. म्हणजे शब्दाच्या मुळाशी फसवणूक आहे. मराठीत त्या जागी ‘तोतया’ बसतो. पानिपतात 1761 साली भाऊसाहेब पडले आणि पुढे त्यांचा तोतया उभा राहिला, तो अगदी रिंगर.

खडूफळा
आजच्या इंग्रजीत फसवणूक उरलेली नाही, शेजारीण कौतुकाने बोलते आहे. तोतया म्हटलं तर तिने आरोप केल्यासारखं होईल. ‘एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं’ असं तिच्या तोंडी घाला, मराठीत यापेक्षा जिवंत काही नाही.

तळटीप
मला वाटतं ‘डॉपलगँगर’, म्हणजे आपल्यासारखाच दिसणारा दुसरा माणूस, हा शब्द सरळ ठेवावा. वाचकाला आता कळतो.

दोन ओळी
डॉपलगँगर तर मुळीच नको. जाँ पॉल या जर्मन लेखकाने 1796 मध्ये तो शब्द घडवला आणि अर्थही दिला: स्वतःलाच पाहणारी माणसं. त्यात स्वतःशी गाठ पडल्याची भीती आहे. दोन सारखे चेहरे एवढंच सांगायचं असताना हा शब्द वाया घालवू नये. आणि दर वेळी परका शब्द उचलायचा तर ‘हुबेहूब’, ‘प्रतिरूप’ यांनी काय घोडं मारलंय?

तळटीप
‘हुबेहूब’ कुठे आपला आहे? अरबी-फारसी ‘हू-ब-हू’, म्हणजे ‘तो तोच’. तो मुरला म्हणून घरचा वाटतो. डॉपलगँगरही मुरेल. ‘डिट्टो’ बघा, मुळात इटालियन, अर्थ ‘वर सांगितलेलं’. हिशेबाच्या वह्यांमधून इंग्रजीत पसरला आणि आज मराठी माणूस ‘डिट्टो आईसारखी’ म्हणताना अडखळत नाही. वापर ठरवतो, आपण नाही.

दोन ओळी
वापर आपणच करतो, तळटीप. अनुवादकाने कोणता शब्द छापला त्यावरच पुढचा वापर घडतो. ‘डिट्टो’ला माझा विरोध नाही, कारण त्याने कोणाची जागा घेतली नाही. डॉपलगँगर ‘प्रतिरूप’ला मारून येतोय.

तळटीप
‘प्रतिरूप’ बोलताना कोणी वापरल्याचं ऐकलंय तुम्ही? मी तरी नाही. जो बोलण्यात नव्हताच तो मरणार कसा?

अनवट
खडूफळा, ‘एकाला झाकावं...’ मी नेहमी वाईट अर्थानेच ऐकलंय. दोन सारखेच नालायक असले की म्हणायचं. जुळ्यांबद्दल कोणी म्हटलेलं ऐकलेलं नाही.

खडूफळा
आमच्याकडे जुळ्यांनाच म्हणतात, आणि प्रेमाने. नालायकांना ‘एकाच माळेचे मणी’.

पानोपानी
माझ्या कानावर दोन्ही आहेत. चेहऱ्याबद्दल असेल तर प्रेमाने, वागण्याबद्दल असेल तर रागाने.

अनवट
मग ‘दुक्कल’चं काय? तीही चोरांचीच असायची, आता सलामीच्या फलंदाजांना लावतात. मला अजून खटकतं.

तळटीप
मला नाही खटकत. दुकटा, दुक्कल, दोघंच, बस. त्यात चोर कुठून आला?