विषय: लातूरच्या उन्हाळ्यात पाकिटातल्या सॉसेजला धूर

सर्वांना नमस्कार,
मे महिन्यात लातूरला मुक्काम आहे. घरी झाकणाची केटल ग्रिल आहे, वीज भरवशाची नाही. फ्रोझन दुकानात चिकन सॉसेजची पाकिटं मिळतात, गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) पण मागवता येतं. धूर द्यायला यातलं कोणतं घ्यावं, लाकूड कुठलं वापरावं, आणि आधी उकळावं की थेट ठेवावं? एवढंच विचारायलो.
— लातूरकर

*

दादा,
लाकडाचं नंतर बघू, आधी पाकीट उलटं करा. सॉसेज कच्चं आहे की कारखान्यातच शिजलेलं, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे फ्रीझरात दिसणारी गुळगुळीत, फिकट गुलाबी, एका मापाची चिकन सॉसेज बहुधा शिजवलेली असतात. पण 'रेडी टू कुक' या शब्दांवरून काहीच कळत नाही. 'पूर्ण शिजवलेले' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कच्चं समजूनच चाला. रंगावर तर मुळीच जाऊ नका. घटकांत आयएनएस २५० दिसलं म्हणजे सोडियम नायट्राइट आहे. त्याने मांस शिजल्यावरही गुलाबीच राहतं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मांसाच्या पाठोपाठ पाणी आणि स्टार्च असेल तर ते पाकीट तव्यासाठी ठेवा. ग्रिलवर असं सॉसेज फुग्यासारखं टम्म फुगतं आणि खाली उतरवलं की म्हातारं होतं. दळ जरा भरड, चरबी डोळ्यांना दिसणारी, जाडी अडीच-तीन सेंटिमीटर, असं मिळालं तर धूर चांगला मुरतो. बोटाएवढ्या कॉकटेल सॉसेजला धूर लागेपर्यंत ती कोरडी पडतात.

आता सालीबद्दल, म्हणजे सॉसेजच्या वरच्या आवरणाबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. कोलॅजेनची साल बहुतेक गाई-म्हशींच्या कातड्यापासून करतात, आणि नैसर्गिक साल म्हणजे मेंढीचं किंवा डुकराचं आतडं. आतलं मांस चिकनचं असलं तरी सालीत काय आहे ते वेगळं वाचावं लागतं. घरात कुणाला असं मांस वर्ज्य असेल तर बिनसालीचं घ्या, त्यालाही धूर उत्तम लागतो. सलामीच्या जाड नळकांड्यावर मात्र पुष्कळदा प्लास्टिकची साल असते. तिच्यातून धूर आत जात नाही, ती काढूनच टाकायची.

चोरीसच्या वाटेला जाऊ नका. मीठ, व्हिनेगर, मिरचीत ते आधीच मुरलेलं असतं, त्यावर आणखी धूर म्हणजे कडूपणा. मात्र ते कच्चं असतं, शिजवूनच खा.
— परभणीची वहिनी

*

वहिनींनी पाकिटाचं सांगितलं, मी चुलीचं सांगतो.

अमेरिकेत मेस्किटच्या लाकडाचे तुकडे पिशवीत भरून विकतात. आपल्या बांधावर, नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ त्याच गोत्रातली. तिचा धूर तिखट असतो, म्हणून चिकनला मुठीएवढा एकच तुकडा. माझं मत विचाराल तर पहिला मान मोसंबीला. जालन्याकडे बागा छाटतात किंवा मोडतात तेव्हा फांद्या सहज मिळतात, धूर सौम्य आणि रंग सोनेरी. पेरू, आंबाही चालतो. लाकूड किमान सहा महिने वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा पांढरा दाट धूर सॉसेजवर डांबरासारखा बसतो आणि जीभ बधिर करतो.

नको ते: कडुनिंब, निलगिरी, प्लायवूड, पॉलिश केलेलं कुठलंही लाकूड. कण्हेराची काडीसुद्धा नको, झाड विषारी आहे. पळाट्या घरोघरी पडलेल्या असतात म्हणून मोह होतो, पण कपाशीवर किती फवारण्या झाल्यात ते आपल्याला ठाऊक नसतं. तुराट्या फक्त पेटवणाला, भपकन जळून जातात.

मांडणी अशी. पेटलेला लाकडी कोळसा (दगडी नव्हे) एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जाळीखाली पाण्याचं ताट आणि त्यावर सॉसेज, एकमेकांना न चिकटता. झाकणाचं भोक सॉसेजच्या बाजूला, अर्धं उघडं. आच खालच्या भोकाने आवरायची. वरचं पूर्ण बंद केलं की धूर कोंडतो आणि काजळी धरते. जाळीपाशी ११० ते १२० अंश सेल्सिअस ठेवा. झाकणावरचा काटा घुमटातली हवा मोजतो, शिवाय मे महिन्यात काळं झाकण उन्हानेच तापतं. ग्रिल सावलीत, पहाटेच लावा. बंद गच्चीत, जिन्यात, गोठ्यात नको, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

धूर निळसर, विरळ झाला की मगच सॉसेज आत.
— अंबडचा काका, सध्या टेक्सास

*

काका, एक शंका. उन्हाळ्यात एवढी आच कशाला? रात्रभर ३० अंशांवर मंद धूर दिला तर चव खोल जाईल ना?
— लातूरकर

*

अजिबात नको. थंड धूर ही मीठ-नायट्राइट मोजून घातलेल्या, वाळवायच्या सॉसेजची रीत आहे, आणि ३० अंश ही तिची वरची मर्यादा. लातूरला मे महिन्यात नुसती हवाच दुपारी चाळिशी गाठते. ४ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. एरवी तिथे जास्तीत जास्त दोन तास, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. सॉसेजच्या आत हवा नसते, त्यामुळे कोमट ठेवलं तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूलाही आयती जागा मिळते.

म्हणून फ्रोझन पाकीट ओट्यावर सोडू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी पुसून, जाळीवर उघडं, फ्रिजमध्येच तासभर ठेवा. साल हाताला किंचित चिकट लागली पाहिजे. ओल्या सालीवर धूर ओघळतो, पट्टे उठतात.

कच्चं सॉसेज सव्वा ते दीड तास घेतं, शिजलेलं ४० मिनिटं. पण घड्याळ फक्त अंदाजाला. थर्मामीटरची सळई टोकातून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत घाला. चिकन ७४ अंश, डुकराचं किंवा मटणाचं ७१. बाजूने भोसकलं की रस त्याच भोकातून जातो. काट्याने टोचायची सवयही सोडा. साल फुटते ती आच एकदम चढल्यामुळे, न टोचल्यामुळे नव्हे.
— परभणीची वहिनी

*

उकळण्याचं राहिलं. आधी उकळलं तर बाहेरचा थर घट्ट होतो, चरबी पाण्यात जाते आणि धूर वरवरच बसतो. कोळसा वाचवायचा असेल तर क्रम उलटा करा: ग्रिलवर ४५ मिनिटं, मग ८० अंशांच्या पाण्यात आतला आकडा येईपर्यंत. पाण्याला बुडबुडे फुटू देऊ नका. नंतर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात, म्हणजे साल सुरकुतत नाही. पुसून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.

पेलेट ग्रिलचा (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालते ती) विचार डोक्यात असेल तर सोडा. तिचा पंखा आणि गोळ्या आत ढकलणारं मळसूत्र दोन्ही विजेवर चालतात, आणि लाइट गेली की सॉसेज नेमकं त्याच धोक्याच्या पट्ट्यात अडकतं.
— अंबडचा काका

*

काका, ग्रिल न लावता कोळशावर तूप टाकून धुंगार दिला तर? आणि लाकूड भिजवून टाकायचं का?
— लातूरकर

*

धुंगाराने वास येतो, मांस शिजत नाही. शिजलेल्या पाकिटाला पाच मिनिटं खुशाल द्या, कच्च्याला नको. लाकूड कोरडंच टाका. भिजवलेलं आधी वाफ सोडतं, कोळसा गार करतं आणि धुराला उशीर होतो.
— वहिनी