चाकण–न्हावा शेवा कंटेनरसाठी घोडा: ४५.५ टन की ५५ टन?

चाकणकर_ट्रान्सपोर्ट:
४० फुटी कंटेनर ओढायला नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, घ्यायचा आहे. निम्म्या फेऱ्या चाकण–न्हावा शेवा, बाकीच्या होसूर आणि चेन्नई. ट्रेलर तीन आक्सलचा स्केलेटल (नुसत्या सांगाड्याचा), रिकामा साधारण ६ टन. डीलर ५५ टन पासिंगची (भरल्या गाडीचं एकूण मंजूर वजन), ३०० एचपीची ६ बाय ४ (तीन आक्सल, त्यातले दोन इंजिनाने फिरणारे) घ्या म्हणतो. ४५.५ टनाची ४ बाय २ (दोन आक्सल, एकच इंजिनाने फिरणारा) पुरेल का? बोरघाट आणि खंबाटकी दोन्ही भरल्या गाडीने चढायचे आहेत, तिथे २५० एचपी कमी पडेल का?

आक्सललोड:
आधी वजनाची बेरीज करा, एचपीचं नंतर. ४० फुटी कंटेनरचं कमाल वजन, त्याच्या स्वतःच्या वजनासकट, सहसा ३०.४८ टन. ४ बाय २ घोडा रिकामा सुमारे ७ टन आणि ट्रेलर ६. एकूण साडेत्रेचाळीस. २०१८ च्या नियमाप्रमाणे पुढचा आक्सल ७, इंजिनाने फिरणारा ड्राइव्ह आक्सल ११.५ आणि ट्रेलरचे तीन आक्सल मिळून २७, म्हणजे ४५.५. तुमचं काम यात बसतं.

६ बाय ४ चा घोडाच दोनेक टनांनी जड असतो आणि त्याला चार टायर जास्त लागतात. रिकाम्या परतीच्या फेरीतही ते वजन तुम्ही डिझेल जाळून ओढणार. खाणीत, चिखलात जायचं असेल तर दुसरा ड्राइव्ह आक्सल हवाच, कारण एका आक्सलवरच्या ११.५ टनांची पकड तिथे अपुरी पडते. बंदराच्या डांबरी रस्त्याला तो नको.

मात्र २० फुटी दोन कंटेनर एकदम घ्यायचे असतील तर हिशोब बदलतो. ४५.५ मध्ये दोन्ही मिळून ३२ टनांच्या आसपासच जागा उरते.

घाटमाथा:
वजनाचं बरोबर आहे, पण इंजिनात काटकसर करू नका. साडेत्रेचाळीस टन घेऊन ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर, २०० एचपी गाडी ताशी १८ किमीने चढेल, २५० एचपी साडेबावीसने आणि ३०० एचपी साडेसत्तावीसने. चाकांपर्यंत ८५ टक्के ताकद पोचते असं धरून हा हिशोब आहे. २५० वर काम भागतं. चेन्नईच्या फेऱ्या वाढणार असतील तर त्याच ४५.५ च्या गाडीत जास्त एचपीचं इंजिन मिळतं का ते बघा.

डिफरेन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो) न विचारता बुकिंग करू नका. २९५/९० आर २० टायर ६० च्या वेगाला मिनिटाला सुमारे ३१५ फेरे घेतो. त्याला डिफरेन्शियलच्या आणि टॉप गियरच्या रेशोने गुणा. डिफरेन्शियल ५.२९ आणि टॉप ०.७३ असेल तर इंजिन मिनिटाला १,२१५ फेऱ्यांच्या आसपास फिरतं. तेच टॉप १ असेल तर १,६६५. दिवसभर आरपीएम मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या वर फिरणारं इंजिन डिझेल खातं.

आणि उतार विसरू नका, तुमचा निर्यातीचा भरलेला माल बोरघाट उतरणार आहे. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांच्या ब्रेकशिवाय वेग रोखणारी यंत्रणा) असलेलीच गाडी घ्या आणि चढताना जो गियर लागला असता त्याच गियरमध्ये उतरवा. गाडी न्यूट्रल केली की एक्झॉस्ट ब्रेकचा चाकांशी संबंधच तुटतो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनिंगवर येतो. इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसरही थांबतो, ब्रेकची हवा संपत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हीच सवय जीवघेणी ठरते. ड्रायव्हरला हे पहिल्याच दिवशी सांगा.

किंगपिन५०:
ट्रेलर जुना असेल तर घोड्याइतकाच तोही तपासा. दोन इंची किंगपिन (ट्रेलरखालची, घोड्यात अडकणारी पिन) नवी ५०.८ मिमी असते, ४९ च्या खाली झिजली की बदलायची. जोडल्यावर फिफ्थ व्हीलचा (घोड्यावरच्या जोडणीच्या तबकाचा) जबडा पिनभोवती बंद झाला का ते टॉर्चने बघा, मग ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गियरमध्ये हलका हिसका द्या. ट्रेलरचे टेकूचे पाय त्यानंतर उचला, आधी नाही. एबीएसची (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) केबल लोंबकळत सोडू नका. ओल्या रस्त्यावर ट्रेलरची चाकं लॉक झाली की मागचा भाग बाजूला सरकतो.

चाकणकर_ट्रान्सपोर्ट:
दादा, अधूनमधून फ्लॅटबेडवर स्टीलची कॉइलही येते, २५ टनांपर्यंत. हीच ४ बाय २ चालेल?

आक्सललोड:
चालेल, पण कॉइल ट्रेलरच्या मधोमध ठेवू नका. किंगपिन आणि मागच्या आक्सलच्या बरोबर मध्ये ठेवली तर साडेबारा टन किंगपिनवर येतात, वर ट्रेलरचे स्वतःचे दोनेक. साडेचौदा झाले. घोड्याच्या दोन आक्सलना १८.५ टनांची परवानगी, त्यातले ७ घोड्याचेच, म्हणजे उरतात ११.५. एकूण वजन पासिंगच्या आत असूनही ड्राइव्ह आक्सल ओव्हरलोड. ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. कॉइलचे निदान १५.५ टन ट्रेलरच्या आक्सलवर जातील इतकी ती मागे घ्या आणि काट्यावर घोड्याचे आक्सल चढवून वेगळं वजन करा.