'मी भाकरी खाल्लो': नियम सांगायचा की कानावर सोडायचं?

पूर्वभागातली बाई
सोलापूरच्या पूर्वभागात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीला मराठी शिकवते. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. २०२० च्या कायद्याने मराठीचा तास सगळीकडे आला, तो वापरायचा कसा हा माझा प्रश्न. एका मुलाच्या वहीत 'मी भाकरी खाल्लो'. लाल शाईने कितीदा 'खाल्ली' करून दिलं, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा 'खाल्लो'. शेवटी फळ्यावर मांडलं. तेलुगूत 'नेनु तिन्नानु': आंबा असो की भाकरी, क्रियापद 'नेनु'च्या मागे जातं. मराठीत भूतकाळात ते खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं: आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. तो म्हणाला, "म्हणजे बाई, खाणाऱ्याला विचारायचंच नाही?" कर्मणी प्रयोग कळला त्याला, दहा मिनिटांत! 'नियम नको, ऐकून ऐकून येईल' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही.

यंत्रमागवाल्याचा मुलगा
ताई, मला उलटं वाटतं. माझी आई विड्या वळायची. शेजारणींशी बोलून बोलून तिला मराठी आली, आजही ती कुठे अडत नाही. मी 'प्रयोग ओळखा'त पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि बँकेत दोन वाक्यं बोलताना मला घाम फुटायचा. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये दक्षिणेतल्या शाळांत इंग्रजी असंच शिकवून पाहिलं. व्याकरणाचा धडाच नाही. नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक पुढे ठेवायचं आणि कोडं सोडवायला लावायचं. तुम्ही मुलांना मंगळवार बाजाराचा हिशेब करायला लावा.

पूर्वभागातली बाई
हिशेब करतील, बोलतीलही. पण 'भाकरी खाल्लो' म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. जिथे अर्थ पोचतो तिथे ती चूक कोणाला खटकत नाही, म्हणून तर ती वर्षानुवर्षं राहते.

अक्कलकोट रोड
मुळात 'चूक' का म्हणायचं? आपल्या सोलापुरात 'मी काम केलो' सर्रास म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या घरांतही. कन्नड-तेलुगूच्या शेजाराने आलेलं बोलणं आहे ते. तुमचा मुलगा कानाने शिकलाच आहे, गल्लीतली मराठी अगदी जशीच्या तशी शिकलाय. मग लाल शाई नेमकी कोणाच्या बोलीवर मारताय?

पूर्वभागातली बाई
हे मनाला लागलं, आणि खरं आहे. त्या मुलाला 'चुकलं' म्हणायला नको होतं. आता फळ्यावर दोन रकाने करते: 'गल्लीत' आणि 'वहीत'. पण वहीचा रकाना नियम सांगूनच भरणार. दहावीचा पेपर तपासणारा सोलापूरचाच असेल असं नाही.

यंत्रमागवाल्याचा मुलगा
दोन रकाने चालतील. फक्त नियम आधी सांगू नका. आंबा, भाकरी, केळं अशी दहा वाक्यं द्या आणि तो मुलांनाच शोधू द्या.

पूर्वभागातली बाई
पस्तीस मिनिटांचा तास आहे, दादा. सोमवारी करून बघते. नाही जमलं तर पंधराव्या मिनिटाला मीच सांगणार.