रॅम्पार्ट आणि बॅस्टियन एकच का?

दौलतगंजवाली:
मुलीला शाळेसाठी आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर इंग्रजीत पानभर लिहायचंय, तिने एका ओळीत रॅम्पार्ट लिहिलं आणि पुढच्याच ओळीत त्याच भिंतीला बॅस्टियन, मी म्हटलं एकच असेल, डिक्शनरीत बघितलं तर दोन्हीकडे तटबंदी-बिटबंदी असलंच काहीतरी. फरक काय आहे कोणी सांगेल का? उद्या द्यायचंय 🙏

लष्करचा भटक्या:
एक नाही हो ताई. रॅम्पार्ट म्हणजे तट, सलग जाणारा, चांगला रुंद, वरून पहारेकरी चालतात तो (ती चालायची जागा म्हणजे फांजी). बॅस्टियन म्हणजे बुरूज, तटातून बाहेर काढलेला. बाहेर का, तर तटावरून आपल्याच भिंतीचा पायथा दिसत नाही, बघायला वाकलं की गेलाच, आणि शिडी लावणारा नेमका तिथेच असतो. बुरुजावरून त्याला बाजूने टिपता येतं. 1780 ला इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या लोकांनी आपला किल्ला रात्री शिड्या लावूनच घेतला ना, नुसत्या उंचीने भागत नाही.

ड्रॉइंगवाले काका:
बरोबर, पण बुरूज दिसला की बॅस्टियन असं सरसकट लिहू नका. इंग्रजीत काटेकोर बोलायचं तर बॅस्टियन म्हणजे तोफांच्या काळातला ठेंगणा, कोनदार बुरूज. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजाचा मारा तिथे पोचत नाही, म्हणून मग बाणाच्या टोकासारखे करायला लागले. वसईला बघा, पोर्तुगीजांचे आहेत, चिमाजीअप्पांनी 1739 ला घेतला तो किल्ला. आपल्या किल्ल्यातल्या मानमंदिर महालाचे ते घुमटवाले गोल बुरूज, निळ्या टाइल्स आणि बदकांची रांग असलेले, त्यांना सरळ टॉवर लिही म्हणावं.

वडोदेकर:
आणि पेपरात अमक्या पक्षाचं बॅस्टियन छापतात तिथे मराठी पेपर बालेकिल्ला म्हणतो, खरं तर बालेकिल्ला म्हणजे सिटाडेल, किल्ल्याच्या आतला सगळ्यात उंच आणि शेवटचा भाग. अर्थात आता इतकं रुळलंय की कोण ऐकतोय.

दौलतगंजवाली:
वा, टॉवर करून टाकलं. एकच राहिलं, तटाच्या माथ्यावर ते कंगूरे असतात त्यांना काय लिहू?

लष्करचा भटक्या:
अख्ख्या रांगेला बॅटलमेंट, एकेकाला मर्लन. आपल्या मराठीत चर्या.