मारुती इस्टीम १.३ ला कमी खर्चात टर्बो: कुठला घ्यावा, पैसे आधी कशावर घालावेत?

जुनी_इस्टीम

गाडी इस्टीम एमपीएफआय, २००३ ची. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीची ८५ बीएचपी. इंजिन उघडलेलं नाही, तेल खात नाही. सगळं मिळून ७० हजारांच्या आत बसवायचं आहे. ११० बीएचपीच्या आसपास मिळाली तरी पुरे.

कुर्ल्याच्या भंगारात एसएक्स४ डिझेलचा (९० पीएसवाला) टर्बो स्वस्तात मिळतोय. ईसीयू (इंजिनचा संगणक) कंपनीचाच ठेवून फ्युएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावायचा विचार आहे. मग प्रश्न असे:

१. हा टर्बो चालेल का?
२. मूळ ईसीयूवर ०.५ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) झेपेल का?
३. ऑइलची लाइन कुठून घ्यायची आणि परत कुठे सोडायची?

टर्बाइन_हाउसिंग

एसएक्स४ चा घेऊ नका. ९० पीएसच्या १.३ डिझेलला व्हेरिएबल व्हेनचा (आतली पाती हलणारा) टर्बो असतो. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७५०-८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा भरधाव असताना ९०० च्या वर. त्या तापमानाला बारीक व्हेन वाकतात, रिंग अडकते आणि मग बूस्ट आपल्या हातात राहत नाही. पोर्शने २००६ मध्ये ९११ टर्बोत पेट्रोलवर अशा व्हेन आणल्या तेव्हा उष्णता सोसणारे खास मिश्रधातू वापरावे लागले. भंगारातल्या डिझेल टर्बोत ते नसतात.

स्विफ्ट डीडीआयएसच्या ७५ पीएस इंजिनाचा केपी३५ टर्बो साध्या वेस्टगेटचा (जादा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) आहे, पण तुमच्या इंजिनाला लहान पडतो. डिझेलचं काम ४००० आरपीएमच्या आसपास आटोपतं, तुम्ही ६००० ला जाणार. साडेचार हजारांनंतर टर्बाइन गुदमरते, गरम वायू सिलिंडरमध्येच अडकतो आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) तिथूनच सुरू होतं. शिवाय डिझेलच्या ॲक्चुएटरची (वेस्टगेट उघडणाऱ्या भागाची) स्प्रिंग फार कडक असते. वेस्टगेट स्प्रिंगच्या दाबापेक्षा खाली बूस्ट आणता येत नाही, हे विसरू नका.

फियाट लिनिया टी-जेटचा आयएचआय टर्बो शोधा. १३६८ सीसी पेट्रोल, ११४ पीएस, म्हणजे तुमच्या गरजेच्या अगदी जवळचा. थोडा महाग पडेल, पण मूळचाच पेट्रोलचा आहे. घेताना शाफ्ट पुढेमागे ओढून पाहा. तसं हलणं जवळजवळ शून्य हवं. वर-खाली किंचित हलला तर चालतं, मात्र ढकलून फिरवल्यावर चाक हाउसिंगला घासता कामा नये. ॲक्चुएटरला गेज लावून सायकलच्या पंपाने हवा भरा आणि दांडा किती दाबाला हलतो ते बघा. ०.४ बारच्या वर असेल तर ॲडजस्टेबल ॲक्चुएटर घ्या.

बूस्टचं म्हणाल तर ०.५ नको, ०.४ ठेवा. बाहेर ३५ अंश असताना ०.४ बारला, कॉम्प्रेसर ६५ टक्के कार्यक्षम धरला तर हवा ८३ अंशांच्या आसपास बाहेर पडते. ०.५ ला ९३. तुमचे पिस्टन टर्बोसाठी बनलेले नाहीत, कॉम्प्रेशनही कमी केलेलं नाही. इंटरकूलर हवाच, जुन्या डिझेल गाडीचा चालेल, फक्त आतलं तेल पेट्रोलने नीट धुऊन घ्या. कॉम्प्रेशन कमी करायला दोन हेड गॅस्केट एकावर एक घालायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. स्क्विश (पिस्टन आणि हेडमधली अरुंद फट) बिघडतो आणि गॅस्केट फुटते.

सर्किटवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि बजेटमध्ये खरा खर्च इथेच धरा. स्वस्तातला टर्बो आणि नीट ट्यूनिंग, ही गाडी टिकते. महागडा टर्बो आणि अंदाजपंचे इंधन, या गाडीचा पिस्टन वितळतो.

मूळचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या जरा वर जाऊन थांबतो. बूस्ट आला की ईसीयूला वाटतं आपण १०० केपीएवरच, म्हणजे वातावरणाच्या दाबावरच आहोत, म्हणून तो इंधनही तेवढंच देतो आणि स्पार्कही तेवढ्याच ॲडव्हान्सवर. तुमचा रेग्युलेटरचा उपाय यातला निम्माच प्रश्न सोडवतो. प्रेशर ३ वरून ५ बार केलं तर इंधन २९ टक्केच वाढतं, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. जुना पंप ५ बारला धापा टाकतो, आणि टायमिंगला तर हात लागतच नाही.

मी सुचवेन स्पीडुइनो. आर्डुइनो मेगावर चालणारा खुला ईसीयू आहे, चार इंजेक्टर आणि चार इग्निशन चॅनेल. सोबत २५० केपीएपर्यंत मोजणारा एमपीएक्स४२५० मॅप सेन्सर आणि बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचं वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारं गेज). सोल्डरिंग स्वतः केलं तर खर्च पंचवीस हजारांच्या आत ठेवता येतो. वाइडबँडवर पैसे वाचवू नका.

इंजेक्टरचं गणित: ११० बीएचपी, टर्बोला दर बीएचपीमागे तासाला ०.६ पाउंड, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ). म्हणजे प्रत्येकी साधारण २१७ सीसी प्रति मिनिट. आता पंपावर ई२० मिळतं, त्याला सात-आठ टक्के जास्त लागतं, म्हणून २४० सीसीचे घ्या. रेलवरच्या रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली आहे ना ते पाहा. ती नसेल तर ०.४ बार बूस्टला इंजेक्टरवरचा दाबफरक ३ वरून २.६ होतो आणि इंधन ७ टक्के घटतं, तेही सगळ्यात जास्त गरज असताना.

पंपाची चाचणी: रिटर्न पाइप मापाच्या डब्यात सोडा, ३.४ बारला ३० सेकंद चालवा. ५०० मिलीपेक्षा कमी आलं तर पंप बदला. त्याआधी पंपाच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. २० वर्षं जुन्या वायरिंगमध्ये दीड-दोन व्होल्ट हरवतात, रिले टाकून जाड वायर दिली की तोच पंप जास्त देतो. हे काम उघड्यावर करा, अग्निशामक जवळ ठेवा.

इथेनॉलमुळे रबर नळ्याही बदला, आर९ दर्जाच्या. ट्यूनिंगला एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यापेक्षा लॅम्डा (योग्य प्रमाणाच्या किती पट हवा आहे तो आकडा) पाहा, कारण ई२० चं योग्य प्रमाण १४.७ नाही, १३.५ च्या जवळ आहे. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८० ते ०.८२. १४.७ वर बसवलेल्या गेजवर ते ११.८ ते १२ दिसेल. टायमिंग सुरुवातीला दर पीएसआयला १ अंश मागे, म्हणजे ०.४ बारला ६ अंश, आणि तिथून पुढे हळूहळू. ब्लॉकवर माइक बांधून हेडफोनमध्ये ऐका. ७४ मिमी बोअरला नॉकचा आवाज साधारण ७.७ किलोहर्ट्झला येतो.

प्लग एक नंबर थंड. एनजीकेच्या नंबरात ६ असेल तर ७ घ्या, गॅप ०.७ मिमी. जास्त गॅपला बूस्टमध्ये स्पार्क विझतो आणि इंजिन अडखळतं, लोक मात्र इंधनात दोष शोधत बसतात.

वेल्डर_भोसरी

मॅनिफोल्ड सव्वा इंची शेड्यूल ४० एमएस (साध्या लोखंडी) एल्बोचं करा, आतून ३५ मिमी मिळतं. हेडची फ्लँज १० ते १२ मिमी, लेझर कट. वेल्डिंग करताना फ्लँज जाड प्लेटला किंवा भंगारातल्या हेडला बोल्टने आवळूनच ठेवा, आणि शेवटी सरफेस ग्राइंड करा. न आवळता वेल्ड केली की ती केळ्यासारखी वाकते आणि गॅस्केट दर महिन्याला जातं. स्टेनलेस ३०४ दिसतं छान, पण एमएसपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, आधार नसेल तर तडे जातात. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकू देऊ नका, ब्लॉकपासून ब्रॅकेट द्या.

आता ऑइल. फीड ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून घ्या, नळी आतून ४ मिमी. तिथला आटा १/८ बीएसपीटी आहे. बाजारात १/८ एनपीटी सर्रास मिळतं. तेही दोन-तीन फेरे बसतं, मग गळतं किंवा ब्लॉकचा आटा खातं, कारण एकाला इंचाला २८ आटे आणि दुसऱ्याला २७.

रिटर्नला मात्र तडजोड नाही. आतून किमान १६ मिमी, सरळ खाली उतरणारी, मध्ये कुठेही झोळ नको, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी. तेल टर्बोतून फेसाळलेलं बाहेर पडतं, गुरुत्वाकर्षणानेच उतरतं. वाट अडली की सीलमधून धूर होतो, आणि लोक चांगला टर्बो खराब समजून बदलतात. टर्बोला पाण्याची तोंडं असतील तर पाणी जोडाच.

जुनी_इस्टीम

एसएक्स४ चा बेत रद्द. संप न काढता भोक पाडून ग्रीस लावलेल्या ड्रिलने चिप्स अडवता येतील का? आणि आरटीओचं काय?

वेल्डर_भोसरी

नाही. संप काढा, बंग (नळी जोडायचं तोंड) वेल्ड करा, रॉकेलने धुवा, नवीन गॅस्केट. एक चिप तेल खेचणाऱ्या पिकअपच्या जाळीतून गेली तर ऑइल पंप ओरखडतो. संप खाली आहेच तर जाळीही साफ करून घ्या.

टर्बाइन_हाउसिंग

आरटीओचं स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मंजुरीशिवाय असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या १८२ए(४) नुसार मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. १५ वर्षांनंतरच्या फिटनेसलाही अडचण येईल. हे माहीत असूनच पैसे घाला. ट्रॅकपुरती गाडी असेल तर प्रश्न वेगळा.

आणि पैसे घालण्यापूर्वी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चार सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिन. टॉर्क तिसऱ्या हिश्शाने वाढेल, जुना क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरायला लागेल, म्हणून प्रेशर प्लेटचे पैसे बाजूला ठेवा. पुढचे पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑइलही.

सर्किटवाला

पहिल्यांदा चालू करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढा, टर्बोच्या फीडच्या तोंडात थोडं तेल घाला आणि रिटर्नच्या नळीतून तेल येईपर्यंत दहा-दहा सेकंद क्रँक करा. मगच इंजेक्टर जोडा. पहिले २०० किलोमीटर वेस्टगेट तारेने उघडं बांधून ठेवा, बूस्टशिवायचा इंधन-टायमिंगचा नकाशा नीट झाला की तार सोडा.



जुनी_इस्टीम

संप आणि कॉम्प्रेशन टेस्ट या आठवड्यात. आकडे आले की टाकतो.