प्रोसेसर बदलला आणि मेमरी रुसली: नवी रॅम घ्यावी की आधी तपासावं?

लालबागकर

माझं मत आधीच सांगतो. प्रोसेसर बदलल्यावर मशीन बंद पडायला लागलं, तर "रॅम गेली, नवी घ्या" हे पहिलं उत्तर असू नये. ते शेवटचं असावं.

झालं असं. २०१८ सालचा डेस्कटॉप, बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ १६०० प्रोसेसर, रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक. २०२१ मध्ये आणखी दोन घेतल्या, वेगळ्या कंपनीच्या. एकूण ३२ जीबी, आणि इतकी वर्षं कसलीही तक्रार नाही. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात रायझन ७ ५७००एक्स बसवून घेतला. बायोस (बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्यांनीच अपडेट केला. घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून निळी स्क्रीन. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद व्हायचे, झिप फाइल उघडताना "खराब आहे" असं यायचं. दुकानात परत नेलं, तर पाच मिनिटांत निकाल: रॅम खराब, चारही बदला.

मी बदलल्या नाहीत. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि रात्री लावून झोपलो. सकाळी स्क्रीन चुकांच्या लाल ओळींनी भरलेली. मग एकेक स्टिक वेगळी लावून चार रात्री तपासल्या. प्रत्येक स्टिक टेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ पार! म्हणजे दोष एकट्या कुठल्याच स्टिकचा नव्हता. बायोसमध्ये शिरून पाहिलं तेव्हा कळलं, दुकानात एक्सएमपी (रॅमच्या डब्यावर लिहिलेला जास्तीचा वेग लावणारी सेटिंग) चालू करून वेग ३२०० केला होता. जुन्या प्रोसेसरवर ते मी कधी चालूच केलं नव्हतं, सगळं बिचारं २१३३ वर चालत होतं. वेग २६६६ वर आणला, रात्रभर टेस्ट, एकही चूक नाही. आज अकरावा दिवस.

रॅमचा कारभार पाहणारा मेमरी कंट्रोलर आता बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या पोटात असतो. एएमडीने तो २००३ मध्ये आत घेतला, इंटेलने २००८ मध्ये. म्हणजे प्रोसेसर बदलला की रॅमचा मालकच बदलतो. मालक नवा, हिशेब नवा, आणि चोर मात्र रॅम ठरते. हे मला पटत नाही.

काउंटरच्या आतून

दादा, मी त्याच रस्त्यावर काम करतो. तुमचं दुकान ते आमचं नाही, पण बाजू मांडतो.

तुम्ही पाच-सहा रात्री दिल्यात. आमच्याकडे टेबलं दोन आणि गिऱ्हाईक संध्याकाळी साडेसातला येतं, त्याला ग्रँट रोडहून गाडी पकडायची असते. "मशीन चार दिवस ठेवून जा" म्हटलं की लोक भडकतात. शिवाय दोन वेळा घेतलेल्या, दोन कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतील अशी हमी रॅम बनवणारेही देत नाहीत. हमी असते एका डब्यातून आलेल्या जोडीची. मी माझ्या जबाबदारीवर मशीन देतो, तेव्हा मी तीच जोडी लावणार. उद्या तेच मशीन परत आलं तर शिव्या मलाच.

आणि एक विचारतो, राग मानू नका. स्टिक वेगवेगळ्या आहेत हे तुम्ही दुकानात सांगितलं होतं का?

लालबागकर

नाही सांगितलं. माझ्या लक्षातच आलं नाही की ते सांगायला हवं. पण कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर दोन स्टिक काळ्या, दोन लाल दिसतात की. आणि एक्सएमपी बंद करून पाहायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. ती दोन मिनिटं आधी, नव्या रॅमचं बिल नंतर. एवढंच मागणं आहे माझं.

गिरगावची हिशेबनीस

मला काउंटरवाल्या दादांचं पटतं, आणि त्याला कारण आहे.

मी घरून लोकांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेही प्रोसेसर बदलला आणि अशीच अधूनमधून निळी स्क्रीन यायला लागली. "बघू, तपासू" करत तीन आठवडे त्याच मशीनवर काम केलं. मग एका गिऱ्हाइकाच्या खात्याची फाइल उघडेना. बॅकअप काढला, तर तोही तसाच, कारण बॅकअप त्याच बिघडलेल्या फाइलीचा घेतला गेला होता. आपल्या साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये ईसीसी, म्हणजे चूक पकडून दुरुस्त करायची सोय, नसते. एक अंक चुकला तर मशीन सांगत नाही, चुकलेलाच डिस्कवर लिहून टाकतं. दहा दिवस बसून मी ती वर्षभराची खाती पुन्हा घातली, व्हाउचर हातात धरून, एकेक नोंद.

ज्याच्या मशीनवर दुसऱ्याचा पैसा मोजला जातो त्याने प्रयोग करत बसू नये. नवी जोडी घ्यावी आणि मोकळं व्हावं.

लालबागकर

ताई, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं, आणि एक गोष्ट मान्य करतो. लाल ओळ दिसल्यावर त्या मशीनवर एकही काम करायचं नाही, हे मी वर लिहायला हवं होतं. मी टेस्ट लावताना डिस्कच्या केबल काढून ठेवल्या होत्या. मेमटेस्ट पेन ड्राइव्हवरून चालतं, विंडोज लागतच नाही.

पण नवी जोडी लावली आणि तपासलीच नाही, तर पुन्हा तीच तीन आठवड्यांची गोष्ट होऊ शकते. दोष प्रोसेसरच्या पिनमध्ये असेल तर नवी रॅमही तेच करणार.

रोजची ठाणे लोकल

पिनेचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझ्याकडे १६ जीबी होतं, प्रोसेसर बदलल्यावर बायोसमध्ये ८ दिसायला लागलं. मीही आधी रॅमलाच दोष दिला. मित्राकडून दुसरी आणून लावली, तरी आठच.

चूक माझ्या हातची होती. नवा प्रोसेसर बसवल्यावर पंखा नीट बसला नाही म्हणून लगेच परत ओढला. एएम४ या एएमडीच्या सॉकेटात पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि पंख्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट चिकटली की लिव्हर बंद असूनही प्रोसेसर पंख्यासोबत उपटून वर येतो. तसाच आला. खिडकीत नेऊन आडवा धरला, तेव्हा एका कोपऱ्यात दोन पिना बाकीच्या रांगेतून जेमतेम केसाएवढ्या झुकलेल्या दिसल्या. लीड पेन्सिलीचं शिसं काढलं, रिकामी नळी पिनेवर बसवली आणि श्वास रोखून सरळ केली. १६ जीबी परत आलं. तेव्हापासून पंखा काढायच्या आधी मशीन अर्धा तास चालवतो, पेस्ट मऊ होते, आणि पंखा सरळ न ओढता आधी डावी-उजवीकडे फिरवून सैल करतो.

इंटेलच्या एलजीए सॉकेटात पिना बोर्डावर असतात, तिथेही पंख्याचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तर एक चॅनल (रॅमकडे जाणारा एक रस्ता) गायब होतो असं अनुभवाने सांगतो.

वरळी कोळीवाडा

आमच्याकडे वेगळंच. समुद्राची खारी हवा, पावसाळ्यात तर भिंतीला पाणी सुटतं. स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर येतो. पाच वर्षं जागची न हललेली स्टिक प्रोसेसर बदलताना काढून पुन्हा लावली की तोच थर मध्ये येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, एवढ्यावर माझं दोनदा काम झालं आहे. खोडरबर लोक वापरतात, पण त्याने सोन्याचा मुलामा घासला जातो आणि भुगा स्लॉटमध्ये राहतो, म्हणून मी नाही वापरत.

मात्र लालबागकर, एका मुद्द्यावर तुमच्याशी असहमत. डब्यावर ३२०० लिहिलेली रॅम २६६६ वर चालवून समाधान मानायचं? पैसे ३२०० चे दिले ना? रायझनमध्ये रॅमच्या वेगाचा फरक चांगलाच जाणवतो.

लालबागकर

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच. डीडीआर४ चा ठरलेला व्होल्टेज १.२, एक्सएमपीवर बहुतेक १.३५. या प्रोसेसरवर ३२०० चा अधिकृत आकडा दोन स्टिकसाठी आहे. चार लावल्या की तो २९३३ वर येतो, आणि दोन्ही बाजूंना चिप असलेल्या ड्युअल रँक स्टिक असतील तर २६६६ च्या आसपास. माझ्या जुन्या जोडीला दोन्ही बाजूंना चिप आहेत. मी २९३३ वरही लावून पाहिलं होतं, तिसऱ्या फेरीत एक लाल ओळ आलीच. मला फोटो एडिट करायला ३२ जीबी हवं, त्यापुढे थोडा वेग गेला तर चालेल.

काउंटरच्या आतून

हे मात्र बरोबर बोललात. आमची पोरं एक्सएमपी सरसकट चालू करतात, कारण गिऱ्हाईक घरी जाऊन टास्क मॅनेजर उघडतं आणि "३२०० का दिसत नाही" म्हणून फोन करतं. चार स्टिक दिसल्या तर आधी विचारायचं, हे उद्या सांगतो त्यांना.

तरी ताईंसारखं काम असेल तर मी जोडीच देणार, त्यावरून हटणार नाही. आणि प्रोसेसर बदलून पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, गुप्त किल्ल्या जपणारी जागा) रीसेट करायचा का असं विचारतं, तिथे घाईत वाय (Y) दाबू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. ती नसल्यामुळे डिस्कवरचं सगळं गमावलेली माणसं पाहिली आहेत मी.

गिरगावची हिशेबनीस

ती की कुठे असते दादा? माझं मशीन पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडायचं आहे.

काउंटरच्या आतून

ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोजमध्ये लॉगिन करता, बहुतेक त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन बघा. सापडली की लिहून घ्या आणि मगच मशीन उघडा. नाही सापडली तर मशीनला हात लावायच्या आधी इथे कळवा, बिटलॉकर थांबवून कसं पुढे जायचं ते सांगतो.